वाईनरीला सहकुटुंब, सहपरिवार

नाशिकची सहल म्हटली की मराठी कुटुंबाच्या डोळ्यांपुढे काही ठरलेली स्थाने येत असत. पंचवटी, रामकुंड, काळाराम मंदिर, सीतागुंफा. दुसऱ्या दिवशी त्र्यंबकेश्वर आणि अंगात बळ असेल तर ब्रह्मगिरी. सवड असलीच तर वणीची सप्तशृंगी. परतीच्या गाडीत द्राक्षांची पेटी आणि चिवड्याची पुडकी. गेल्या वीस वर्षांत या यादीत वाईनरी दाखल झाली आहे, आणि ती आता यादीच्या तळाशी राहिलेली नाही. सहलीची आखणी करणारी तरुण मंडळी आधी वाईनरीची वेळ नक्की करतात आणि देवदर्शन तिच्या अलीकडे-पलीकडे बसवतात. शनिवार-रविवारी गंगापूर धरणाच्या बाजूला मुंबई, ठाणे, पुण्याकडच्या गाड्यांची जी रांग लागते, तिच्यातले सगळेच काही शौकीन नसतात. काठी टेकत चालणाऱ्या आजी असतात, कडेवरची मुले असतात, सकाळीच त्र्यंबकला अभिषेक करून आलेली, कपाळावरचे गंध अजून पुसले न गेलेली माणसेही असतात.

मागच्या हिवाळ्यात आमचे कुटुंबही त्या रांगेत होते. आई, थोरले बंधू आणि वहिनी, पुतणी आणि तिचे यजमान, आम्ही उभयता, अकरावीत शिकणारा आमचा मुलगा आणि नऊ वर्षांचा भाचा, असे नऊ जण. ‘वाईनरीच्या वाऱ्यालाही उभे राहू नये’ असे मानणाऱ्यांपैकी मी नाही. जे आपल्या मातीत पिकते आणि आपल्याच माणसांच्या हातून घडते, ते पाहिल्याशिवाय त्याच्याविषयी मत बनवणे मला पटत नाही. शिवाय पाहण्यासारखे तेथे पुष्कळ होते, हे प्रारंभीच सांगितले पाहिजे.

बाग दाखवणारा तरुण दिंडोरी तालुक्यातला होता. घरची चार एकर द्राक्षबाग, पण ती खाण्याच्या द्राक्षांची. त्यामुळे दोन्हींतला भेद तो पुस्तकातून पाठ केल्यासारखा सांगत नव्हता. खाण्याच्या द्राक्षाचा मणी मोठा, लांबट, बिनबियांचा आणि पातळ सालीचा हवा. ग्राहकाने तोंडात टाकताच तो फुटला पाहिजे. वाईनच्या द्राक्षाचे सगळे उलटे. मणी लहान, साल जाड, आत बिया. शिराझ किंवा कॅबर्ने सोव्हिन्यों या काळ्या जातींचा रंग आणि तुरटपणा त्या सालीतच असतो, म्हणून रसाच्या मानाने साल जितकी अधिक तितके बरे. त्यासाठी वेलीवरचे घड मुद्दाम मोजके ठेवतात. मांडव भरगच्च दिसला पाहिजे या हिशेबाने ज्याच्या बापाने आयुष्य काढले, त्या मुलाला निम्मे घड कापून जमिनीवर टाकताना पहिल्या वर्षी रडू आले होते, असे तो हसत हसत सांगत होता.

वेलीचा आणखी एक विशेष त्याने सांगितला. युरोपात हिवाळ्यात बर्फ पडते, वेलीची पाने झडतात आणि ती काही महिने झोपी जाते. आपल्याकडे तिला झोप अशी नाहीच. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, अशा दोन छाटण्या करून शेतकरी तिला वर्षातून दोनदा नव्याने फुटायला लावतो आणि फळ मात्र एकदाच, जानेवारी ते मार्च या कोरड्या दिवसांत घेतो. परदेशातून आलेल्या वेलीला दख्खनच्या ऋतुचक्रात बसवण्याची ही युक्ती येथल्या बागायतदारांनी साधली आहे. मुळे डॉगरिज नावाच्या अमेरिकी जातीची, कारण ती क्षारयुक्त पाणी आणि टंचाई सोसते. वर कलम फ्रेंच जातीचे. आणि हात दिंडोरी-निफाडचे. आमच्या आईचे आजोळ ओझरकडचे. नाशिक जिल्ह्यातील द्राक्षशेतीचा प्रारंभ १९२५ साली ओझरच्या रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी केला, असे सांगितले जाते. आईच्या लहानपणी द्राक्षे आजारी माणसासाठी घरात येत. ‘चार मणी वाटीत घालून देत, आणि बाकीच्यांनी वास घ्यायचा,’ असे ती म्हणाली तेव्हा तो तरुण क्षणभर थांबला आणि त्याने तिला एक घड तोडून दिला.

आतला कारखानाही स्वच्छतेचा नमुना होता. पांढऱ्या वाईनसाठी द्राक्षे दाबून फक्त रस घेतात आणि तो थंड ठेवलेल्या पोलादी टाक्यांत आंबवतात. लाल वाईनसाठी साली-बियांसकट आंबवतात, म्हणून तिला रंग येतो. यीस्ट रसातली साखर खाते आणि तिचे मद्यार्क व कार्बन डायॉक्साइड वायू यांत रूपांतर करते. लिटरमागे साधारण सतरा ग्रॅम साखर खर्ची पडली की मद्यार्काचा एक टक्का वाढतो. मुलगा अकरावीला रसायनशास्त्र शिकतो. वहीतले समीकरण त्या उंच टाक्यांपुढे उभे राहून त्याला प्रथमच खरे वाटले असावे. त्यानंतर ओकच्या लाकडी पिंपांची थंड, अंधारी खोली. येथपर्यंतची सहल एखाद्या शाळेने काढावी अशी होती.

यानंतर चाखण्याची खोली आली.

लांब टेबल, प्रत्येकापुढे उंच दांड्याचा काचेचा पेला. पाच प्रकारांची वाईन, प्रत्येकी घोट-दोन घोट, अंदाजे तीस मिलिलिटर. आधी पेला तिरका धरून रंग पाहायचा, मग तो गोल फिरवायचा, नाक आत घालून वास घ्यायचा आणि शेवटी घोट जिभेवर घोळवायचा. पेरू, हिरवी मिरची, काळी मिरी, ओली माती असे नाना गंध ओळखायला सांगितले गेले. व्यावसायिक चाखणारे घोट गिळत नाहीत, थुंकतात. त्यासाठी भांडेही ठेवलेले असते. आमच्या टेबलावरचे भांडे शेवटपर्यंत कोरडे राहिले. बंधूंनी आणि जावईबापूंनी पाचही प्रकार घेतले, पुतणीने दोन. मी आणि माझ्या पत्नीने घेतली नाही, आणि त्याचे कोणाला काही वाटलेही नाही. पूर्वी अशा प्रसंगी होई तसा आग्रह किंवा थट्टा झाली नाही, हे मोकळेपणाने नोंदवतो.

मला खटकले ते निराळेच. मुलांना द्राक्षाचा रस दिला गेला, आणि तो तशाच उंच दांड्याच्या पेल्यात. भाच्याने मोठ्यांचे पाहून पेला गोल फिरवला, नाक आत घातले, डोळे मिटले. सगळे कौतुकाने हसले. कोणीतरी छायाचित्र घेतले आणि ते घरी पोहोचण्यापूर्वीच नातेवाइकांच्या मोबाईलवर पोहोचले. रसात दोष काहीच नव्हता. पण त्या मुलाने त्या दुपारी चव शिकली नाही, तो एक आविर्भाव शिकला, आणि त्याला तो आपण, त्याच्या घरच्यांनी, टाळ्या देऊन शिकवला.

वहिनी त्या खोलीत आल्याच नाहीत. बाहेर मांडवाच्या सावलीत बाकावर बसून होत्या. मी बोलवायला गेलो तर म्हणाल्या, ‘भावोजी, तुम्ही जा. मला त्या वासाची ओळख आहे.’ त्यांचे वडील लोअर परळच्या गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर गिरणी गेली आणि संध्याकाळ उरली. पुढची पाच वर्षे घरात काय झाले हे त्यांनी तीस वर्षांच्या संसारात आम्हाला कधी सविस्तर सांगितलेले नाही. गिरणगावातल्या गुत्त्याची आणि नाशिकच्या काचेच्या दालनाची तुलना कोणी करू नये, असे म्हणता येईल. ती तुलना वहिनींनी केलीही नाही. त्यांनी फक्त वास ओळखला, आणि रसायनशास्त्र त्यांच्या बाजूचे आहे.

कारण आत, त्याच वेळी, मुलाने विचारले होते, ‘बाबा, पण ही दारू आहे की नाही?’ मी उत्तर देण्याआधीच जावईबापू म्हणाले, ‘काका, ही काही दारू नव्हे. फळाचा रस, आंबवलेला. इडलीचे पीठ आंबते तसेच.’ आमचे जावई सज्जन, कष्टाळू, निर्व्यसनी म्हणावेत असे आहेत. त्यांनी हे वाक्य कोणाची दिशाभूल करण्यासाठी म्हटले नाही. ते समाजात रुळलेले वाक्य आहे. २७ जानेवारी २०२२ रोजी तत्कालीन राज्य मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांहून मोठ्या किराणा दुकानांत, सुपर मार्केटांत कपाट ठेवून वाईन विकण्यास मान्यता दिली, तेव्हा वाईन म्हणजे दारू नव्हे, असे विधान सत्ताधारी पक्षाच्या एका प्रमुख नेत्यानेच केले होते. त्यावर महाराष्ट्रभर वादळ उठले, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, हरकती मागवल्या गेल्या आणि तो निर्णय अमलात आला नाही. निर्णय अडला, वाक्य मात्र राहिले.

तेव्हा हे वाक्य एकदा तागडीत घालून पाहू. त्यासाठी नीतिशास्त्र नको, पाचवीचे गणित पुरे. वाईनमध्ये मद्यार्काचे प्रमाण साधारण बारा ते तेरा टक्के असते, आपल्याकडच्या व्हिस्की-रममध्ये बहुधा ४२.८ टक्के. पाच प्रकार, प्रत्येकी तीस मिलिलिटर, म्हणजे दीडशे मिलिलिटर वाईन. तेरा टक्क्यांनी तीत साडेएकोणीस मिलिलिटर शुद्ध मद्यार्क. तीस मिलिलिटरच्या एका छोट्या पेगमध्ये जेमतेम तेरा मिलिलिटर. म्हणजे ‘नुसती चव’ घेऊन उठलेला गृहस्थ दीड पेग पिऊन उठलेला असतो. साडेसातशे मिलिलिटरच्या एका बाटलीत साडेसात छोटे पेग मावतात. रेणू एकच आहे, इथेनॉल. तो द्राक्षातून आला की उसाच्या मळीतून, याची विचारपूस यकृत करीत नाही. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमच्या वर मद्यार्क आढळला तर मोटार वाहन कायद्याचे १८५ वे कलमही ती करीत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, अथवा दोन्हीही, होऊ शकतात. कसारा घाट उतरताना आमची गाडी माझ्या हाती होती. त्या वाहनतळावरच्या सगळ्याच गाड्या न पिणाऱ्यांच्या हाती असतील, असे मानण्याइतका मी भाबडा नाही.

वाईन हृदयाला चांगली, हे दुसरे वाक्य. १९९१ मध्ये अमेरिकेतील एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने फ्रेंच लोकांच्या हृदयाचे रहस्य लाल वाईनमध्ये शोधले आणि तेव्हापासून ती समजूत जगभर फिरते आहे. तिच्यामागचा रेस्व्हेराट्रॉल हा घटक वाईनमध्ये लिटरमागे काही मिलिग्रॅम एवढाच असतो, आणि तो येतो द्राक्षाच्या सालीतून. म्हणजे ज्याला तो हवा आहे त्याला साल चावून खाण्याची मोकळीक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मद्याला निश्चित कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात १९८८ मध्येच घातले. जानेवारी २०२३ मध्ये त्या संघटनेने, मद्याची आरोग्याला निर्धोक अशी कोणतीही मात्रा नाही, असे स्पष्ट केले. त्यात वाईनला अपवाद केलेला नाही.

तिसरे वाक्य आपल्याच बाजूने फेकले जाते, म्हणून त्याला उत्तर अधिक जपून दिले पाहिजे. ‘आपले पूर्वजही पीत होते. द्राक्षासव काय आहे मग?’ पूर्वज पीत नव्हते, असे म्हणणे अज्ञानाचे होईल. पाणिनीला काबूलकडच्या कापिशी नगरीच्या नावावरून झालेला ‘कापिशायन’ शब्द ठाऊक आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष या अधिकाऱ्यावर स्वतंत्र अध्याय आहे. त्यात द्राक्षरसाच्या मद्याला ‘मधु’ म्हटले आहे आणि कापिशायन, हारहूरक ही त्याची देशावरून पडलेली नावेही दिली आहेत. पण तोच अध्याय पुढे वाचावा. सुरा गावाबाहेर नेऊ देऊ नये, कारण कामकऱ्यांची कामे बिघडतील, सभ्य माणसे मर्यादा सोडतील आणि धाडसी लोक अविचार करतील, ही भीती त्यात शब्दांनी नोंदवली आहे. ज्यांचे वर्तन ठाऊक आहे त्यांनाच अल्प प्रमाणात बाहेर नेता यावी, इतरांनी तेथेच प्यावी, आणि तेथे हेरांची नजर असावी. मद्यातून महसूल घेणारा हा व्यवहारी राज्यशास्त्रज्ञ, आपण काय विकतो आहोत याविषयी कोठेही लपवाछपवी करीत नाही. द्राक्षासवाचे म्हणाल, तर वैद्य ते जेवणानंतर चमच्याने मोजून, तितकेच पाणी घालून घ्यायला सांगतात. ते पेल्यात ओतून, गोल फिरवून, त्यात पेरूचा गंध शोधणारा रुग्ण माझ्या पाहण्यात नाही. पूर्वजांचा आधार घ्यायचा तर त्यांची मापेही घ्यावी लागतील.

आणि जिच्या नावाने हा सगळा संस्कार चालतो त्या फ्रान्सचे काय? तेथे एके काळी शाळेच्या भोजनगृहात मुलांना पाण्यात मिसळून वाईन दिली जाई. १९५६ मध्ये चौदा वर्षांखालील मुलांसाठी ती बंद करण्यात आली, आणि १९८१ मध्ये सर्व विद्यालयांतून मद्य हद्दपार झाले. १९९१ च्या कायद्याने, ‘ल्वा एव्हाँ’ म्हणून तो ओळखला जातो, मद्याच्या जाहिरातींवर कडक निर्बंध आले. १९६० च्या सुमारास फ्रेंच माणूस वर्षाला शंभर लिटरहून अधिक वाईन पीत असे. आज ते प्रमाण त्याच्या निम्म्याहूनही खाली आहे. ज्यांच्या भाषेतून आपण हे शब्द उसने घेतो, ते आपल्या मुलांच्या हातातून पेला काढून घेत असताना आपण तो आपल्या मुलांच्या हातात, रस भरून का होईना, ठेवतो आहोत.

राहिला शेतकरी. वाईनला विरोध म्हणजे द्राक्ष बागायतदाराला विरोध, असे प्रत्येक चर्चेत ऐकू येते, आणि ग्रामीण भागातल्या कार्यकर्त्याला हा प्रश्न अडचणीत आणतो. त्याची बाजू नीट समजून घेतली पाहिजे. वाईनचा उद्योग महाराष्ट्रात काही आपोआप उभा राहिलेला नाही. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला फ्रेंच तंत्राने फसफसणारी वाईन बनवून ती परदेशी पाठवली, तेव्हा लोकांना ते वेड वाटले होते. राजीव सामंत यांनी अमेरिकेतली नोकरी सोडून नाशिकजवळ १९९७ मध्ये वाईनच्या द्राक्षांची लागवड केली आणि २००० मध्ये ‘सुला’ची पहिली बाटली बाजारात आली, २००५ मध्ये त्यांनी चाखण्याचे दालन उघडले आणि येथे ‘वाईन पर्यटन’ हा शब्द रुजला. मध्यंतरी, २००१ मध्ये, राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले, उत्पादन शुल्क माफ केले, विंचूर आणि पलूस येथे वाईन पार्क काढले. या सगळ्यात कर्तृत्व आहे, रोजगार आहे, आणि ते नाकारण्याचे कारण नाही.

पण हिशेब पूर्ण मांडायचा तर पुढचेही सांगितले पाहिजे. देशात पिकणाऱ्या द्राक्षांपैकी वाईनकडे जाणारा वाटा शंभरात जेमतेम दोन. बाकीची खाल्ली जातात किंवा त्यांचा बेदाणा होतो. निफाडच्या ज्या शेतकऱ्याची बाग नोव्हेंबर २०२३ च्या गारपिटीत झोडपली गेली, किंवा ज्याच्या थॉमसन जातीच्या मालाला व्यापारी पडता भाव देतो, त्याला आपला माल वाईनरीच्या दारात नेता येत नाही. त्या जातीच वेगळ्या, आणि खरेदी बहुधा आधी केलेल्या करारांवर. आणि ज्यांनी करार करून वाईनच्या जाती लावल्या, त्यांचा अनुभव? २००१ च्या धोरणानंतर वाईनऱ्या भराभर निघाल्या. २००८ ची जागतिक मंदी आणि नोव्हेंबरमधला मुंबईवरचा हल्ला यांनंतर पर्यटक रोडावले, वाईन टाक्यांत साठून राहिली, द्राक्षे उचलली गेली नाहीत, पैसे थकले, आणि अनेक शेतकऱ्यांनी हाताने लावलेल्या वेली उपटून टाकल्या. त्या वेळी शहरातल्या सुपर मार्केटमध्ये कपाट असते तर ते वाचले असते, असे म्हणणाऱ्यांनी एवढे सांगावे, की शेतकऱ्याला तारण्यासाठी मध्यमवर्गीय कुटुंबाने आठवड्याला किती बाटल्या रिचवायच्या?

शेतकऱ्याला तारणारे काम दुसरीकडे चालू आहे आणि त्याची सहल कोणी काढत नाही. २०१० मध्ये लिहोसिन या वाढरोधकाचे अंश सापडल्याने युरोपने आपली द्राक्षे अडवली, तेव्हा नाशिकच्या बागायतदाराचे कंबरडे मोडले होते. त्यातून सावरून, प्रत्येक बागेची नोंद आणि अंशांची तपासणी पक्की करून, तो पुन्हा त्याच बाजारात उभा राहिला. मोहाडीला विलास शिंदे यांच्या पुढाकाराने हजारो शेतकऱ्यांची ‘सह्याद्री फार्म्स’ ही उत्पादक कंपनी उभी आहे. सोलापूर जिल्ह्यात नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी ‘सोनाका’ आणि तासगावकडच्या वसंतराव आर्वे यांनी ‘तास-ए-गणेश’ ही वाणे निवडीतून पुढे आणली. प्रयोगशाळा नव्हे, बागेतली नजर हेच त्यांचे साधन. पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने ‘मांजरी मेडिका’ ही खास रसासाठीची जात काढली आहे. तिचा मणी आतूनही गडद रंगाचा असतो, त्यामुळे रसालाही तसाच रंग येतो. ज्या गुणांसाठी लाल वाईनची स्तुती गायली जाते ते रंगद्रव्य न आंबवता मिळते. हे किती घरांना ठाऊक आहे? वाईनरीने द्राक्षाची गोष्ट सांगण्याची कला साधली, हे तिचे श्रेय. बेदाणा बनवणारा ती सांगत नाही, आणि आपण त्याला विचारायला जात नाही.

मग कुटुंबाने करायचे काय? वाईनरीवर बहिष्कार घाला, असे मी म्हणणार नाही. बाग पाहावी, टाक्या पाहाव्यात, मुलांना यीस्ट आणि साखर समजावून द्यावी. चाखण्याच्या खोलीत जायचे की नाही हे प्रौढांनी आपापल्या मनाशी ठरवावे. आपल्या शाखा-मंडळांतही या प्रश्नावर सर्वांचे आचरण एकसारखे आहे, असा आव आणू नये. मुले मात्र तेव्हा बाहेर मांडवाखाली असावीत, आणि त्यांच्याबरोबर घरातले एक मोठे माणूस असावे. रस हवा असेल तर साध्या पेल्यातून प्यावा. आणि ‘ही दारू आहे का’ असे मुलाने विचारले तर ‘हो’ म्हणावे. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेयांच्या सेवनाला आळा घालण्याचा प्रयत्न राज्याकडे सोपवला आहे. वर्धा जिल्ह्यात अनेक दशकांपासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि चंद्रपूरला २०१५ मध्ये आलेली बंदी २०२१ मध्ये उठली. राज्याचे धोरण असे मागे-पुढे होत राहील. घरातल्या या एका उत्तरासाठी मंत्रिमंडळाच्या बैठकीची गरज नाही.

मी मुलाला ‘हो’ म्हटले आणि पेगचा हिशेब त्यालाच करायला लावला. दीड, असे उत्तर त्याने मोबाईल न वापरता काढले. जावईबापूंनी ते पुन्हा तपासले आणि गाडीची किल्ली मुकाट्याने माझ्याकडे दिली. वाटेत त्यांनी विचारले, ‘काका, बेदाणा कुठे पाहायला मिळतो?’ सांगली जिल्ह्यात तासगावकडे आणि आपल्या पिंपळगाव बसवंतच्या आसपासही फेब्रुवारी-मार्चमध्ये शेड भरलेल्या असतात. घड द्रावणात बुडवून जाळ्यांवर पसरतात, सावलीत पंधरा-वीस दिवस वाळवतात, मग काड्या काढून प्रतवारी करतात. तेथे तिकीट नाही, काचेचे दालन नाही. मालकाला आदल्या दिवशी फोन करावा लागतो, एवढेच. दिंडोरीच्या त्या तरुणाचे मामा पिंपळगावलाच बेदाणा करतात. त्यांचा क्रमांक पुतणीने घेऊन ठेवला आहे, आणि या खेपेस वहिनीही पुढे असतील.